सोबत आलेली

गर्भाशयाची पिशवी काढलेली बाई समोर बसली की मी आधी जुनं डिस्चार्ज कार्ड मागते. बहुतेकदा ते हरवलेलं असतं. असलंच तर पिशवीबरोबर बीजांडकोश काढले की ठेवले, याबद्दल अवाक्षर नसतं. ऑपरेशन करणारे ‘सगळं साफ करून टाकलं’ म्हणतात. काय साफ केलं ते मी सोनोग्राफीत शोधत बसते.

ही पेशंट 42 वर्षांची, पिशवी छत्तिसाव्या वर्षीच काढलेली. पडद्यावर दोन्ही बाजू रिकाम्या. म्हणजे बीजांडकोशही गेलेले. इस्ट्रोजेन हे हार्मोन मुख्यतः तेच बनवतात आणि हाडं त्यावर टिकतात; ते सहा वर्षं शरीरात जवळजवळ नाहीच. रात्री घामानं अंथरूण भिजायचं, वर मोरीत घसरून मनगट मोडलेलं. पाळी एरवी जाते त्या वयापर्यंत तरी तिला इस्ट्रोजेन द्यायलाच हवं होतं. पण हाडांच्या डॉक्टरांनी आधीच बजावलेलं : हार्मोन म्हणजे कॅन्सर.

ही धास्ती 2002 सालच्या अमेरिकेतल्या चाचणीपासूनची. त्यातल्या बायका सरासरी 63 वर्षांच्या, गोळी इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन अशा दोन हार्मोन्सची. वर्षाला दहा हजार बायकांमागे स्तनाचे कॅन्सर 30 व्हायचे, ते 38 झाले. पिशवी नसलेल्यांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं, त्यांच्यात ते वाढले नाहीत. हा दुसरा अर्धा भाग कुणी वाचतच नाही.

गोळी लिहिण्याआधी मी स्तन तपासतेच. निर्धोक निघाले. तिला सोबत आलेली नणंद पडद्याआड उभी होती, ती म्हणाली, ‘‘मॅडम, मला पण आहे बघा एक खडा. दुखत नाही काही.’’

वय 57, पाळी पंचावन्नाव्या वर्षापर्यंत चालू, अंगानं भरलेली. हात वर करायला लावले तर डाव्या स्तनावर कातडीला खळी पडली. बोटाखाली गाठ टणक, हलेना. सुईनं तुकडा काढून पाठवला. कॅन्सर, तोही इस्ट्रोजेनवर वाढणारा. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन चरबीत बनत राहतं, तिथं गोळीची गरज लागत नाही.

रिपोर्ट घ्यायला दोघी आल्या तेव्हा भावजय म्हणाली, ‘‘वन्संनी जन्मात हार्मोनची गोळी घेतली नाही, त्यांना झाला. आणि मला तुम्ही वरून द्यायला निघालात?’’

मी सांगितलं, तुमचं त्यांचं रक्ताचं नातं नाही. तुमचे बीजांडकोश लवकर गेले, त्यामुळे तुमचा धोका उलट कमी आहे; जे मुळात हवं होतं तेवढंच भरून काढायचंय. तिनं ऐकून घेतलं आणि कॅल्शियम तेवढं नेलं. शेजारी नणंद बसलेली असताना माझे आकडे कितीसे चालणार?

नणंदेचं ऑपरेशन झालं. आता लेट्रोझोल हे औषध चालू आहे; ते चरबीतलं इस्ट्रोजेन बंद पाडतं आणि हाडं ठिसूळ करतं. तिची डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी करायचीच आहे, तेव्हा भावजयीचीही त्याच दिवशी करून घ्या म्हणून चिठ्ठी दिलीय. तिच्या हाडांचा रिपोर्ट हातात आला की इस्ट्रोजेनच्या गोळीचा विषय पुन्हा काढणार आहे.