डबा सरळ, रूळ वाकडा

शनिवार, रात्री

माझ्या मॉडेल रेल्वेत शेजारशेजारच्या दोन मार्गांमध्ये ५० मिलिमीटर ठेवायचे की ६७, याचा निकाल आज लावायचाच होता. उन्हाळवाही झाली, पेरणीला अवकाश आहे, दुपारभर वीज नव्हती. सबब उरलीच नव्हती.

मॉडेल एचओ मापाचं, म्हणजे खऱ्याच्या १:८७. रुळांचं गेज, म्हणजे दोन पट्ट्यांतलं अंतर, १६.५ मिलिमीटर. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर. त्याला ८७ नं भागलं तर १९ च्या वर जातं. हे रूळ बाहेरच्या देशांतल्या १४३५ मिलिमीटरच्या गेजवरून आले, त्यामुळे आपला डबा त्यांवर जरा पाय जवळ घेऊन उभा राहिल्यासारखा दिसतो. ज्याला खुपतं त्यानं हातानं रूळ बनवावेत. मला तेवढा दम नाही.

अंतराचं मात्र तसं सोडून देता येत नाही. आपल्या ब्रॉडगेजच्या नियमांत नव्या कामासाठी दोन मार्गांच्या मध्यांतलं अंतर किमान ५.३ मीटर धरतात, जुन्या ठिकाणी ४.२६५ मीटरही चालतं. ८७ नं भागा: ६१ आणि ४९. तयार मॉडेल-रुळांतही साधारण हीच दोन घराणी. पेको कंपनीच्या स्ट्रीमलाइन रुळांचे पॉइंट, म्हणजे मार्ग फुटायचे तुकडे, जोडले की ५० च्या आसपास अंतर पडतं. हॉर्नबी कंपनीच्या तयार वळणांच्या त्रिज्या ३७१, ४३८, ५०५, म्हणजे दर पायरीला ६७. दिसायला ५० देखणं. ६७ वर दोन गाड्या एकमेकींशी अबोला धरल्यासारख्या दिसतात. म्हणून मन ५० कडं ओढत होतं.

सरळ मार्गावर ५० ला काहीच अडचण नाही. चेन्नईच्या आयसीएफ कारखान्याचा जुना निळा डबा ३.२४५ मीटर रुंद, मॉडेलमध्ये ३७ मिलिमीटर. दोन गाड्यांत तेरा-एक मिलिमीटर मोकळे राहतात. खरी गंमत वळणावर.

चार वाजता काका आले. रेल्वेत रूळ-देखभालीच्या गँगमधून मुकादम होऊन निवृत्त झालेले. फळीवरच्या पेन्सिलच्या रेघा पाहिल्या अन् चष्मा पुसत म्हणाले, "डब्बा काई वाकत नाई न बाप्पा. रूळ वाकळा असते, डब्बा सरका. मंग पोट आत घुसते अन् टोक भायेर निंगते."

"किती निघते काका?"

"मोज ना! दोरी धर."

त्यांची दोरी म्हणजे २० मीटरची. वळण तपासताना ती रुळाच्या आतल्या कडेवर दोन टोकांना धरायची आणि बरोबर मध्ये रूळ दोरीपासून किती लांब आहे ते पट्टीनं बघायचं. यालाच व्हर्साइन म्हणतात. दोरीच्या लांबीचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट. काकांनी हे सूत्र कधी कागदावर मांडलं नसेल, पण उन्हातान्हात ते हजारदा हातांनी मोजलंय. माझ्या डब्याला तीच दोरी लावली. खालच्या दोन बोगी, म्हणजे चाकांचे सांगाडे, ज्या खुंट्यांवर फिरतात त्यांच्यातलं अंतर खऱ्या डब्यात १४.७८३ मीटर, मॉडेलमध्ये १७०. बाहेरच्या ५०५ च्या वळणावर पोट सात मिलिमीटर आत येतं. डब्याची लांबी २१.३३७ मीटर, म्हणजे २४५. आतल्या ४३८ च्या वळणावर त्याचं टोक जवळपास नऊ मिलिमीटर बाहेर जातं. सात, नऊ आणि डब्याची रुंदी ३७ मिळून झाले ५३. ५० मध्ये ५३ कसे मावतील?

बियाण्याच्या खोक्याचा पुठ्ठा २४५ बाय ३७ कापला, १७० वर दोन टाचण्या टोचल्या आणि टाचण्या रेघेवर ठेवून फिरवला. दुसरा पुठ्ठा काकांच्या हातात. वळणाच्या मध्यावर माझ्या पुठ्ठ्याचा कोपरा त्यांच्या पुठ्ठ्याखाली सरकला. काका खूश. "झाला अपघात!"

तेव्हा वळणावर ६७, सरळीवर ५०. आणि अंतर वाढवायला सुरुवात वळणाच्या तोंडाशी नाही, निदान डबाभर आधीपासून. कारण पुढची बोगी वळणात शिरते तेव्हा मागची अजून सरळीवरच असते, तरी डबा तिरपा झालेलाच असतो.

रविवार, दुपार

आज बोगदा. आमच्या मूर्तिजापूरकडच्या सपाटीत बोगदा कुठला! उत्तरेचा सातपुडा थोडा इकडं ओढून घेतलाय, झालं. फळीचं एक टोक लपवायचं होतं, हे खरं कारण.

बोगद्याची भिंतही तसाच हिशेब मागते. सरळ बोगद्यात रुळाच्या मध्यापासून २५ मिलिमीटरवर भिंत चालली असती. इथं आत पोट, बाहेर टोक, वर थोडी ढिलाई, असं धरून दोन्हीकडं ३३. म्हणजे दुहेरी बोगद्याची आतली रुंदी १३३. नुसतं तोंड रुंद करून भागत नाही. आतही तेवढंच हवं, नाहीतर अंधारात कुठंतरी डबा घासतो आणि बाहेरून फक्त आवाज येतो.

उंचीला डबा फसवतो. तो ४६ मिलिमीटरच आहे. पण वरची वीजवाहक तार खऱ्या रुळापासून साधारण ५.५ मीटरवर, म्हणजे ६३, आणि तिच्यावर टांगायला जागा. मी ८० धरले, तेही रुळाच्या माथ्यापासून. खाली कॉर्क आणि स्लीपर-रूळ मिळून दहा-एक मिलिमीटर जातात, म्हणून प्लायपासून ९०. प्लास्टर चढलं की छत आणखी खाली येणार, तेही पोकळीतून नको, वरून घ्यायचं.

रूळ आत्ताच, या उन्हात बसवणार, आणि सांधे एकमेकांना भिडवून. खोलीत बेचाळीसची धग आहे. रूळ यापेक्षा लांब होणार नाहीत. थंडीत तीस अंश उतरले की मीटरमागे अर्धा मिलिमीटर आपोआप फट पडेल. हिवाळ्यात बसवणाऱ्यानं मात्र फट सोडावी.

शकुंतला, म्हणजे आमच्या मूर्तिजापूरची जुनी नॅरोगेज गाडी. तिची धाकटी लाईन पुढं कोपऱ्यातून निघेल. तिचं ७६२ मिलिमीटरचं गेज ८७ नं भागलं की ८.८, आणि बाजारात ९ मिलिमीटरचे रूळ मिळतात. ब्रॉडगेजला जे जमलं नाही ते हिला जमतं. १९९४ पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं. काकांना त्याची शिट्टी अजून काढून दाखवता येते. तिच्यासाठी पऱ्हाटीच्या काड्यांची झाडं वाळत घातलीत.

डोंगराची मागची बाजू उघडी ठेवणार, हात कोपरापर्यंत आत जाईल इतकी. डबा उतरला तर हात पोचला पाहिजे. शिवाय आमच्याकडं कुंभारमाशीला रिकामं भोक दिसलं की ती मातीचं घर बांधतेच. खिडकीच्या कड्यांत, जुन्या कुलपात, कुठंही. १३३ बाय ८० चा अंधारा बोगदा ती सोडेल? सुताराला मागं सरकती फळी सांगितलीय. तो विचारतो, डोंगराला दार कशाला?