अल्फा उणे आला? आधी उलटी विधानं तपासा

रोझेनबर्गच्या आत्मसन्मान प्रश्नावलीत (1965) 10 विधानं आहेत, त्यातली 5 उलटी, म्हणजे ‘सहमत’ म्हटलं की आत्मसन्मान कमी दाखवणारी. क्रॉनबाखचा अल्फा (विधानं एकमेकांशी किती जुळतात याचं माप) उणे आला की विद्यार्थी सॉफ्टवेअरला दोष देतात. खरं तर बहुधा उलट्या विधानांचे गुण फिरवायचे राहिलेले असतात. हिशेब सोपा आहे: एका बाजूच्या विधानांच्या जोड्या 10 अधिक 10, म्हणजे 20, विरुद्ध बाजूंच्या 25. या 25 जोड्यांचा सहसंबंध ऋण, म्हणून सगळ्या जोड्यांचा जोर साधारण सारखा असेल तर सरासरीही शून्याखाली घसरते, आणि तिच्यासोबत अल्फाही.

उलट्या विधानांचे गुण 1 ते 4 असतील तर नवा गुण = 5 वजा जुना. 0 ते 3 असतील तर 3 वजा जुना. उत्तर न दिलेल्यांना 9 हा कोड दिला असेल तर तो आधी रिकामा करा, नाहीतर 5 वजा 9, उणे 4 निमूट बेरजेत शिरतो. नवे गुण वेगळ्या स्तंभात ठेवा. त्याच स्तंभावर सूत्र दोनदा चाललं की गाडी मूळपदावर, आणि पत्ताही लागत नाही.

मराठीत आणखी एक खोच. ‘मी काहीच कामाचा नाही’ यावर ‘असहमत’ म्हणजे नकाराला नकार. घाईत लोक हमखास चुकतात. शिवाय ‘कामाचा’ की ‘कामाची’? ‘माझा काहीच उपयोग नाही’ लिहा, निदान लिंगाचा घोळ मिटतो.