वाजवून घेतलेली बिंदगी

बुधवार, रात्री

परवा येळवस, शेतात पूजा करून तिथंच सगळ्यांनी जेवायचा आमचा सण. कॅलेंडरात वेळ अमावस्या छापलेलं असतं, पण आमच्या लातूर-धाराशिवकडं घरात तसं कुणी म्हणत नाही. पलीकडं कानडी मुलखात हिलाच एळ्ळु अमावस्या म्हणतात. एळ्ळु म्हणजे तीळ. आमचं येळवस तिकडूनच घरंगळत आलं असावं. (मास्तरीण आहे, सांगितल्याशिवाय राहवत नाही.)

आत्याबाई, म्हणजे सासूबाई, संध्याकाळपासून भज्जीसाठी वालाच्या शेंगा सोलत बसल्यात. (भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हे, शेंगा-भाज्या एकत्र शिजवलेलं कालवण.) वय एक्याऐंशी. हात चालू आणि तोंडही चालू. "एवढी भज्जी खाणार कोण? नातू पुण्यात, नातसून पुण्यात. रस्त्यानं जाणारेच येऊन हाणतेत दरसाली. फुकटचे." आणि दरसाली ह्याच आत्याबाई बांधावर उभ्या राहून जाणाऱ्या-येणाऱ्याला हाका मारतात. नको म्हणणाऱ्याच्या गाडीची किल्ली काढून घेतलेली मी पाहिली आहे. वाढतानाही पुटपुटणं चालूच. खाणाऱ्याला वाटतं म्हातारी काहीतरी मंत्र म्हणते आहे.

कीर्तनं-प्रवचनं ऐकून माझा एक समज झाला होता, की दयाळू माणसाचा चेहरा शांत असतो. आत्याबाईंचा चेहरा लिंबू चावल्यासारखा असतो. लग्न होऊन आले तेव्हा मला त्या तुसड्या वाटल्या होत्या. अजूनही वाटतात. पण त्यांच्या दारातून उपाशी गेलेलं माणूस आठवत नाही, हेही खरं.

माझं उलटं आहे. चेहरा शांत. शाळेत सगळे म्हणतात, बाई कधी चिडत नाहीत.

हल्ली फोनवर रोज सकाळी एका ताईंचे बोल येतात. आज त्यांनी सांगितलं, आरशासमोर उभं राहून स्वतःला 'मी तुला माफ केलं' असं तीन वेळा म्हणा. ह्यांना आंघोळीला जाऊ दिलं आणि म्हणून बघितलं. आरशातल्या बाईनं उत्तर दिलं नाही. तिच्या हनुवटीवरचे दोन पांढरे केस तेवढे दिसले.

माफ कशाबद्दल, ते आज लिहूनच टाकते. इतकी वर्षं वहीत लिहिलेलं नाही.

2016 चा उन्हाळा. मांजरा धरण कोरडंठाक. पाणी भरायच्या जागी भांडणं होऊ नयेत म्हणून 144 कलम लावलेलं. नळाची तर आठवणच उरली होती, सगळा कारभार टँकरवर. गल्लीत लोक हौदांना कुलूप लावायचे. आमचं बोअर फेब्रुवारीतच गेलं होतं. घरात पाच ड्रम, आणि कुठल्या ड्रमला कुणी हात लावायचा ह्याचेसुद्धा नियम. त्यातला एक पडवीत, दाराच्या मागं.

तेव्हा भांड्याला एक बाई यायची. तिचं नाव लिहीत नाही. भांडी अर्थात बंदच होती, आम्ही पत्रावळ्यांवर जेवत होतो. पण एका दुपारी ती घागर घेऊन आली. लेकराला ताप होता. एक घागर द्या म्हणाली, एकच.

मी म्हणाले, आमच्याच घरात नाही गं.

दार अर्धं उघडं होतं. माझ्या खांद्यावरून तिला ड्रम दिसत होता, आणि तिला तो दिसतोय हे मला दिसत होतं. काठोकाठ भरलेला, वर ताट झाकलेलं. ती काही बोलली नाही. घागर ह्या कमरेवरून त्या कमरेवर घेतली आणि गेली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या खेपेला 10 वाघिणी, सुमारे 5 लाख लिटर. माणसं गाडी बघायला रात्री जागली. शेजारच्यांनी बोलावलं, मी डोकं दुखतंय म्हणाले. पोरगं एकटंच जाऊन आलं.

पुढच्या उन्हाळ्यापासून मी फाटकाबाहेर रांजण ठेवते. स्टीलचा पेला साखळीला बांधून. लोक म्हणतात, बाईंना धर्माची आवड आहे. मी मान हलवते. पेला तीनदा चोरीला गेला, पोरं त्यात चूळ भरतात, आणि दर वेळी मी आतून इतकी जळते, की हे पाणी पिणाऱ्याला लागेल असं वाटतं.

ह्यांनी दिवा मालवायला सांगितला.

गुरुवार, रात्री उशिरा

आज गोलाईत गेले होते. गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात आणि येळवसीच्या आदल्या दिवशी सोळाही रस्ते तुंबलेले असतात. हरभऱ्याच्या डहाळ्यांचे भारे, वाटाणा, तुरीच्या शेंगा, गाजरं, बोरं, चिंच. भाव विचारायची सोय नाही. मधोमध जगदंबेचं देऊळ. गर्दीतून कळसाला हात जोडले, तर मागच्या माणसानं पुढं ढकललं.

आंबिलाला नवी बिंदगी, म्हणजे मातीची घागर, हवी होती. आत्याबाईंची ताकीद, वाजवून घे. कुंभारापुढं बसून एकेक उचलून टिचकी मारत होते. एक बद्द वाजली. म्हटलं, ही कच्ची आहे का? तो म्हणाला, "कच्ची असती तर परत भट्टीत घातली असती, ताई. ही चिरलीय. दिसत न्हाई, पण चिरलीय." आणि त्यानं ती उचलून मागं ठेवली.

माझं माहेर तेरजवळचं. गोरोबाकाकांचं तेर, तेरणेच्या काठचं. लहानपणापासून ती गोष्ट ऐकलीय. संत जमलेले, गोरोबा थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारून बघतात कोण भाजलंय, कोण नाही. बाकीचे मुकाट मार खातात, नामदेव तेवढे बिथरतात. मग निकाल: हे मडकं कच्चं. ज्यांच्या हातचा नैवेद्य खुद्द विठ्ठलानं खाल्ला म्हणतात, त्यांना सगळ्यांदेखत कच्चं ठरवलं. पुढं ते औंढ्याला विसोबा खेचरांकडं गेले. कीर्तनकार इथं घाईनं औंढ्याला पोचतात, पिंडीवर पाय ठेवून झोपलेल्या विसोबांची मजा सांगतात, लोक हसतात. मला मात्र लहानपणापासून मधला रस्ता दिसतो. लोकांनी कच्चं म्हटलेला माणूस तो पल्ला चालत असताना काय म्हणत असेल मनाशी? त्याचं कीर्तन कुणी करत नाही.

तर बिंदग्यांपुढं बसून माझ्या मनात आलं, आपण कच्चे का चिरलेले? अठ्ठावन्नाव्या वर्षी, भर बाजारात, कुंभार पुढच्या गिऱ्हाइकाशी बोलायला लागलेला असताना. माझं मलाच हसू आलं. खणखणीत वाजणारी एक घेतली, पैसे दिले, उठले.

उठले आणि समोर ती.

रस्त्याच्या कडेला पोतं अंथरून शेंगा विकत होती. केस पिकलेत, बाकी तीच. तिनंच ओळखलं. "बाई! बिंदगी घेतली व्हय? वाजवून घेतली का?" मी हो म्हणाले. लेकरू कसं आहे विचारलं. लेकरू आता ट्रॅक्टर चालवतं म्हणाली, लग्नाचं बघायलेत. मी एक किलो शेंगा मागितल्या. ती तोलत होती आणि मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही. मनात दहा वर्षं घोटलेलं भाषण होतं. त्यातलं एक वाक्य आलं नाही. एवढंच म्हणाले, "त्या दुष्काळात तू घागर घेऊन आली होतीस. माझ्याकडं पाणी होतं गं."

तिनं तागडी खाली ठेवली नाही. शेंगांची एक मूठ आणखी टाकली, काटा बघितला.

"ठावं हाय की. ड्रम दिसला व्हता."

मग म्हणाली, "बाई, म्या तर जावंला बी दिलं न्हवतं. सख्ख्या जावंला. घरात दोन घागरी लपवून ठेवलत्या, गोधड्याच्या खाली. कुणाकडं व्हतं सांगा तवा, देयाला?"

"देयाला" म्हणताना तिनं हात असा उडवला की जणू मी फार जुन्या भावाची चौकशी करते आहे. तेवढ्यात मागचं गिऱ्हाईक ओरडलं. पैसे घेतले, सुटे दिले. मी म्हणाले, उद्या शेतात ये आमच्याकडं जेवायला. म्हणाली, "आमी बी बटईनं केलंय की चार एकर. तुमीच या."

घरी येईपर्यंत मला हलकं वाटायला हवं होतं. तसं झालं नाही. आधी तर चक्क राग आला. दहा वर्षं हे पाप मी जपलं. रांजण भरले, एकादश्या केल्या, आणि तिच्या हिशोबात ते नव्हतंच. तिला ते ठाऊक होतं आणि तरी तिनं ते कुठंतरी गोधड्यांखाली, तिच्या दोन घागरींशेजारी ठेवून दिलं होतं. मला वाटत होतं, मी एक मोठी वाईट बाई आहे. निघाले एक साधी, पाण्याला भ्यालेली बाई, गल्लीतल्या बाकीच्या बायांसारखी. मोठं वाईट असण्यातसुद्धा एक तोरा असतो, तो गेला. त्याचंच दुःख झालं, असं आता लिहिताना वाटतंय.

पोराला फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, आई, तू फार ओव्हरथिंकिंग करतेस. त्याला 2016 मधलं आठवतं ते रेल्वेचं इंजिन आणि त्याला घातलेले हार.

अकरा वाजले. आंबील घातलंय. ज्वारीचं पीठ शिजवून त्यात ताक, लसूण, मीठ. बिंदगीला चुना-कावेचे पट्टे मी काढले, थोडे वाकडे आलेत.

शुक्रवार, येळवस

जिल्ह्याला सुट्टी. लातूरचे रस्ते संचारबंदी लागल्यासारखे, सगळं गाव शेतात.

पूर्वी घरचा कर्ता आंबिलाची बिंदगी डोक्यावर घेऊन शेतात चालत जायचा. आता आत्याबाई ती मांडीवर घेऊन मोटारीत बसतात. औशाच्या अलीकडं त्यांनी हाक मारली, "गाडी थांबीव." लुगडं भिजलेलं. बिंदगी बुडाशी पाझरत होती.

"वाजवून घेतलीस म्हणं?"

"घेतली हो. खणखणीत वाजली."

"तुझे कान वाजले असतील."

पुढं शेत येईपर्यंत ह्यांनी तोंड उघडलं नाही, खांदे तेवढे हलत होते. शेतात पोचल्या पोचल्या आत्याबाईंनी उंड्यातलं, म्हणजे वाफवलेल्या गोळ्यातलं, बाजरीचं पीठ काढलं, भिजवून बुडाला लिंपलं, आणि झालं. आम्ही कडब्याच्या कोपीत पांडव मांडले, चुन्यानं रंगवलेले पाच दगड. पूजा केली. हरभऱ्याला घाटे धरलेत, ज्वारी बरी आहे. ह्यांनी आंबील शिंपडत कोपीला फेऱ्या मारल्या, 'ओलगे ओलगे सालम पलगे' ओरडत. त्याचा अर्थ मी आजवर निदान वीस जणांना विचारला असेल. प्रत्येकानं वेगळा सांगितला.

मग आत्याबाई बांधावर गेल्या. पलीकडं रस्त्याचं काम चालू आहे. तिथली तीन पोरं त्यांनी धरून आणली. बिहारची. मराठी येईना, आम्हाला त्यांचं धड कळेना. भज्जी बघून त्यांनी एकमेकांकडं बघितलं. (अनोळखी माणसाला भज्जी दिसायला हिरवट चिखलच असतो, खोटं कशाला बोलू.) त्यातल्या धाकट्यानं आंबिलाचा पेला तोंडाला लावला आणि त्याचा चेहरा आत्याबाईंसारखा झाला. "मेल्याला काही कळत न्हाई," असं म्हणत आत्याबाईंनी त्याचा पेला परत भरला. त्यानं तो प्यायला. तिसरा पेलाही प्यायला. "आईबापाला सोडून कुठं मरायला येतेत एवढ्या लांब, पोळी घे की रं," हे सगळं एका सुरात, कपाळाला आठ्या घालून. पोरगं हसत होतं. त्याला वाटलं असेल, आशीर्वाद देतायत.

मीही वाढत होते. एरवी वाढताना माझ्या मनात एक बाई बसलेली असते, माझ्याकडं बघत, बाई किती छान वाढतात म्हणणारी. आज मधेच लक्षात आलं, उन्हानं डोकं भणभणतंय, गुडघे दुखतायत, ही पोरं किती खातायत, मला अजून जेवायचंय. असं सगळं मनात चालू असताना हात वाढत होता. मी तो थांबवला नाही आणि मनालाही गप्प केलं नाही. एकाला तर "बस झालं आता, मागच्याला राहू दे" असंसुद्धा म्हणाले. ह्यांनी चमकून बघितलं. शांत बाईंच्या तोंडून असलं त्यांनी ऐकलं नव्हतं. पोराला मराठी कळलं नाही, त्यानं ताट पुढंच केलं. घातलं आणखी.

तिच्या बटईच्या शेतावर जाऊन यावं असं दोनदा मनात आलं. शेत कुठलं ते विचारायचं राहूनच गेलं होतं.

दिवस मावळताना हेंडगा, म्हणजे पलिता, पेटवून पिकाला ओवाळला. येताना आत्याबाई गाडीत झोपल्या, तोंड उघडं, रिकामी बिंदगी मांडीवर घट्ट.

शनिवार

पाय सुजलेत. शाळा केली.

संध्याकाळी बिंदगी टाकून द्यायला निघाले तर आत्याबाईंनी हातातून काढून घेतली. धुऊन, उन्हाला सुकवून, फडताळात गव्हाच्या डब्याशेजारी ठेवली. आत लसूण भरलाय. लसूण माझ्या टोपलीतला, न विचारता.