उताऱ्यावर हिरवळीचा बोजा

डेन्व्हर शहराच्या ईशान्येला पार्क हिल नावाचा जुना भाग आहे. तिथं कोलोरॅडो बुलेव्हार्ड या हमरस्त्याला लागून १५५ एकरांचा एक सलग तुकडा आहे. २०१८ संपेपर्यंत तिथं गोल्फ चालायचा. सभासदत्व, कोट-टाय असली भानगड नव्हती. पैसे भरा आणि खेळा. मग गोल्फ बंद पडला, आणि या जागेचं करायचं काय यावरून शहरात जे रण माजलं ते मी शेजारात राहून पाहिलं. बेळगावात जागेची भांडणं ऐकतच मोठी झालेली मी. त्यामुळं अख्खी अमेरिका बघायची सोडून हिनं एक कुंपण बघितलं, असं आमचे हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात.

फोनवर पहिल्यांदा सांगितलं तेव्हा काकांनी विचारलं, "गोल्फचं मैदान? मग बिबट्या हाय काय गे तिथं?"

बरोबर आहे. बेळगावकराला गोल्फ मैदान म्हटलं की २०२२ च्या ऑगस्टमधला तो बिबट्याच आठवणार. जाधवनगरात दिसला, मग रेसकोर्सजवळच्या गोल्फ मैदानाच्या झाडीत शिरला, आसपासच्या शाळांना सुट्टी पडली, पार शिमोग्याजवळच्या सक्रेबैलच्या हत्ती छावणीतून हत्ती आणले, आणि एवढं करून गडी काही हाती लागला नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर त्याच्या नावानं काय काय फिरलं ते तुम्हाला ठाऊक आहेच. माझ्या डोक्यात मात्र तेव्हापासून एकच गोष्ट बसलीय. ऐन शहरात आठवडेच्या आठवडे बिबट्या लपू शकेल एवढी झाडी आपल्याकडं उरली, ती कुणी मुद्दाम जपली म्हणून नव्हे. ती लष्कराच्या ताब्यात आहे, एवढंच तिचं नशीब.

डेन्व्हरच्या जागेचं नशीब वेगळं निघालं. ही जागा मुळात दुभत्या जनावरांची. जॉर्ज क्लेटन नावाच्या व्यापाऱ्यानं १८९९ मध्ये मरताना आपली इस्टेट अनाथ मुलांच्या शाळेसाठी ठेवली होती. त्या शाळेला दूध पुरवायला इथं गाई होत्या. पुढं गाई गेल्या, गोल्फ आला, आणि त्याचं उत्पन्न क्लेटनच्या ट्रस्टला मिळू लागलं. मग १९९७ मध्ये एक व्यवहार झाला, त्यावर पुढचं सगळं महाभारत उभं आहे. शहरानं ट्रस्टला २० लाख डॉलर दिले, पण जागा विकत घेतली नाही. जागा ट्रस्टचीच राहिली. शहरानं विकत घेतला तो एकच हक्क, इथं कुणाला बांधकाम करू न देण्याचा. आपल्याकडं सोसायटीचं कर्ज काढलं की उताऱ्यावर बोजा चढतो ना, तसा त्या जमिनीच्या कागदावर हा कायमचा बोजा चढला. मालक बदलला तरी तो जमिनीबरोबर जाणार.

आणि मालक बदललाच. २०१९ मध्ये वेस्टसाइड नावाच्या कंपनीनं ती जागा २ कोटी ४० लाख डॉलरला घेतली, बोज्यासकट. ऐन शहरात, विमानतळाकडं जाणाऱ्या लोकलच्या स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर, १५५ एकर! बांधकामाची परवानगी असती तर हा भाव कुठल्या कुठं गेला असता. म्हणून विरोधक पहिल्या दिवसापासून म्हणत होते, की बोज्यामुळं स्वस्तात घ्यायची आणि मग बोजा उतरवायच्या मागं लागायचं, असा हा हिशेब आहे. असा हिशेब करणारी माणसं आपल्याकडंही गल्लोगल्ली भेटतात, त्यामुळं मला त्यात नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते पुढं जे झालं त्याचं.

इथल्या लोकांनी सह्या गोळा केल्या आणि २०२१ च्या निवडणुकीत एक प्रश्न थेट मतदारांपुढं ठेवला. अशा जमिनीवरचा बोजा उतरवायचा असेल तर आधी सगळ्या शहराचं मत घ्यावं लागेल, हवं की नको? हा प्रश्न क्रमांक ३०१. त्याला तोडीस तोड म्हणून दुसऱ्या बाजूनंही एक प्रश्न उभा केला, ३०२. त्यात शब्दांची अशी काही रचना होती, की तो मंजूर झाला तर पार्क हिलची जागा त्या नियमातून अलगद सुटली असती. दोन्ही प्रश्न वाचायला जुळ्या भावांसारखे. तरी लोकांनी नीट वाचून ३०१ मंजूर केला आणि ३०२ पाडला.

मग आला ४ एप्रिल २०२३ चा खरा सामना. प्रश्न '२ओ': बोजा उतरवून बांधकामाला वाट मोकळी करायची का?

मला इथं मत नाही. ग्रीन कार्डाच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला मत कुठलं! म्हणून मी शेजारच्या आजींच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्यांची मतपत्रिका वाचली. कोलोरॅडोत मतपत्रिका पोस्टानं घरी येते. कागद हातभर लांब. निळ्या-काळ्या पेनानं चौकट भरायची, लिफाफ्यावर सही करायची आणि जवळच्या पेटीत नेऊन टाकायची. ना बोटाला शाई, ना बूथवर रांग. इंग्रजीशिवाय स्पॅनिशमधूनही माहिती मिळते. ते बघून बेळगावच्या मराठी माणसाच्या पोटात काय होतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. आजींनी चष्मा पुसला, प्रश्न मोठ्यानं वाचला, परत वाचला आणि म्हणाल्या, "वाक्य एवढं लांब लिहिलंय म्हणजे कुणाला तरी कळू नये अशी इच्छा आहे."

आजी कृष्णवर्णीय आहेत. एकेकाळी या भागात त्यांच्या लोकांना घर मिळायचं नाही, बँका कर्ज द्यायच्या नाहीत. नंतर काळ्या-गोऱ्यांनी मिळून राहायचं असं ठरवून इथल्या लोकांनी प्रयत्न केले, त्याचा त्यांना अजून अभिमान आहे. त्यांच्या अंगणात 'नको'ची पाटी रोवलेली. त्यांचा नातू त्यांच्याकडंच राहतो, त्यानं त्याच अंगणाच्या दुसऱ्या कोपऱ्यात 'हवं'ची पाटी रोवली. पोस्टमन दोन्हींच्या मधून यायचा.

नातवाचं म्हणणं सरळ होतं. शहरात भाडी परवडत नाहीत. कंपनी अडीच हजारांच्या आसपास घरं बांधणार, त्यातली पाव हिस्सा तरी परवडणारी. शंभर एकरांवर बाग आणि मोकळी जागा सोडणार. किराणा-भाजीचं मोठं दुकान आणायचं म्हणतात, जे या भागात नाही. ट्रेन तर शेजारीच. अशा जागी घरं बांधायची नाहीत तर मग कुठं बांधायची? शिवाय आज ती जागा हिरवी तरी कुठं आहे? डेन्व्हर कोरडं गाव, वर्षाला जेमतेम पंधरा इंच पाऊस. आपल्याकडं पावसाळ्याच्या एका महिन्यात तेवढा सहज होतो. पाणी बंद केल्यावर गोल्फचं गवत बघता बघता खाकी झालं. आत जायला बंदी, तर ती मोकळी जागा नेमकी कुणासाठी? आणखी एक मुद्दा तो मांडायचा, आणि तो मला खरोखर अवघड वाटला: १९९७ च्या कागदात जागा गोल्फसाठीच वापरायची असं आहे. म्हणजे 'नको'ला मत म्हणजे बागेला मत नव्हेच, पुन्हा गोल्फला मत.

आजींचं उत्तर कागदावर कमी आणि अनुभवावर जास्त होतं. 'परवडणारं' घर म्हणजे कुणाला परवडणारं, हे त्या विचारायच्या. ते ठरतं डेन्व्हर आणि आसपासच्या अख्ख्या परिसराच्या मधल्या उत्पन्नावरून, आणि त्यात श्रीमंत उपनगरंही येतात. त्या हिशेबानं जे स्वस्त, ते त्यांच्या गल्लीत महागच. उत्तरेला आय-७० महामार्ग, त्याच्या पलीकडं कारखाने, उन्हाळ्यात डांबर तापतं. एवढा सलग तुकडा शहराला परत कुठं मिळणार? आणि बागेचं म्हणाल तर कुंपण काढून बाग करायला शहराला कोण अडवतंय, शहरच तर बोज्याचं धनी. १९९७ मध्ये महापौर असलेले वेलिंग्टन वेब, डेन्व्हरचे पहिले कृष्णवर्णीय महापौर, तेही विरोधाच्या बाजूनं उतरले होते. आजींच्या दृष्टीनं विषय तिथंच संपत होता.

मी एकदा तिथल्या ईशान्येच्या कोपऱ्यापर्यंत चालत गेले. तिथं शहरानं सुमारे पंचवीस एकरांचा मोठा खड्डा करून ठेवलाय, ढगफुटीसारखा पाऊस झाला तर पाणी घरांत न शिरता तिथं थांबावं म्हणून. उतार इतका सौम्य की खड्डा आहे हे लक्षातही येत नाही, नुसता गवताचा वाडगा वाटतो. मला शहापूर शिवार आठवलं. दर पावसाळ्यात बळ्ळारी नाला फुगतो, भाताच्या रोपांवर पाणी चढतं, आणि शेतकरी बांधावर उभा राहून बघतो. आपल्याकडं पाण्याला थांबायला ठेवलेली जागा म्हणजे कुणाचं तरी पीक. कुणी तसं ठरवलेलं नाही, पण वर नाल्याकाठी भराव टाकत गेल्यावर खाली दुसरं होणार तरी काय?

मतमोजणीत साधारण ५९ टक्के लोक 'नको' म्हणाले. बोजा राहिला. आजींनी केक केला, नातवानं तो खाल्ला, पाट्या दोघांनी मिळून काढल्या. कुंपण मात्र तसंच. जागा कंपनीची, हक्क शहराचा, आणि आत कुणीच नाही, असं जवळजवळ दोन वर्षं चाललं. या काळात आजीसुद्धा गप्प असायच्या. २०२५ च्या जानेवारीत महापौर माइक जॉन्स्टन यांनी अदलाबदल जाहीर केली. ही १५५ एकर शहरानं घ्यायची आणि बदल्यात विमानतळाजवळची १४५ एकर औद्योगिक जमीन कंपनीला द्यायची. इथं सार्वजनिक बाग करायची असं ठरलं.

बातमी आल्यावर काकांना कळवलं. त्यांचा पहिला प्रश्न, "त्या १४५ एकराला भाव काय लावला?" बेळगावकर तो बेळगावकरच.

दुसरं त्यांनी जे विचारलं त्यावर मात्र मी बरंच काही वाचत बसले: आपल्याकडं असा बोजा चढवता येतो काय? व्हॅक्सिन डेपोचंच घ्या. देवीच्या लशीसाठी राखलेली जुनी जागा, टिळकवाडी-हिंदवाडीतल्या निम्म्या लोकांची सकाळ त्या झाडांखाली जाते. स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत २०१६ मध्ये बेळगावचं नाव आलं तेव्हा आपण पेढे वाटले, आणि पुढं त्याच योजनेतून डेपोत कामं निघाली तेव्हा फिरायला जाणारेच विरोधाला उभे राहिले. पण त्यांच्या हातात काय होतं? निवेदन, निदर्शनं, वकील. जागा एका खात्याची, पैसा दुसऱ्याचा, झाडांची परवानगी तिसऱ्याकडं. कर्नाटकात बागा, मैदानं आणि मोकळ्या जागा जपण्यासाठी १९८५ चा कायदा आहे. चांगला आहे. पण बाग म्हणून, मैदान म्हणून ज्या जागेची नोंदच नाही, तिथं रोज शंभर माणसं फिरली तरी कायद्याच्या दृष्टीनं ती सरकारी पडीक जागा. बुडाच्या, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाच्या, आराखड्यात हिरवा रंग असला तरी भूवापर बदलून घ्यायची वाट असतेच, आणि त्यासाठी शहराचं मत कुणी विचारत नाही.

हलगा-मच्छे बायपासचे शेतकरी हे सगळ्यांत आधी ओळखून होते असं मला वाटतं. तिबार पिकाची जमीन आहे, आम्ही देणार नाही, असं म्हणून पोलिसांपुढं उभे राहिलेच, पण कोर्टात ते कागदावर लढले. महामार्गाचा झिरो पॉईंट, म्हणजे तो जिथून सुरू होतो ती जागा, नेमका कुठला, यावर त्यांनी सरकारी यंत्रणेला वर्षानुवर्षं घाम फोडला. शहरातल्या फिरणाऱ्या मंडळींनी त्यांच्याकडं एकदा चहाला जावं. ही मंडळी आणि ती मंडळी एकाच गावातली, पण एकमेकांच्या मोर्चाला सहसा दिसत नाहीत.

मला मत असतं तर मी आजींच्या बाजूनं दिलं असतं, हे तुम्ही ओळखलंच असेल. तरी नातू खोटं बोलत होता असं मी म्हणणार नाही. विमानतळाजवळच्या त्या १४५ एकरांत त्याच्यासाठी घर नाही. गेल्या उन्हाळ्यात तो शेजारच्या ऑरोरा शहरात राहायला गेला, भाडं थोडं कमी आहे म्हणून. रविवारी येतो, आजींच्या अंगणातलं गवत कापतो आणि जाताना हमखास म्हणतो, की तुमच्या बागेत मी बसने येईन.

आता वाद आहे तो बागेत काय असावं याचा. कुणाला कुत्र्यांसाठी मोकळं रान हवंय, कुणाला फुटबॉलची मैदानं, कुणाला नुसतं देशी गवत आणि पायवाटा. काही जुने खेळाडू अजून म्हणतात की नऊ भोकं तरी ठेवा. माझी सूचना मी इंग्रजीत लिहून पाठवलीय: पश्चिमेच्या कडेला सावलीसाठी झाडं, आणि एक क्रिकेटचं पिच. मराठी मंडळातल्या बारा जणांच्या सह्या खाली आहेत. सही करायला नागरिकत्व लागत नाही, हे मी आधी विचारून घेतलं.