अप्पांचे कान

अप्पांना इथे बॉनमधे बीथोवेन ऐकायला नेलं त्या संध्याकाळी मला टेन्शन होतं ते त्यांच्या दाद देण्याचं. जर्मन लोक दोन भागांच्या मधे सगळा खोकला एकदम काढून घेतात आणि मग परत चिडीचूप, कुणाच्या हातातला कागद वाजला तरी चार माना वळतात. आणि आमचे अप्पा म्हणजे मैफलीत वा म्हटल्याशिवाय यांना समच सापडायची नाही. पाचवी सिम्फनी सुरू झाली, ते सगळ्या जगाला पाठ असलेले पहिले चार सूर झाले आणि माझ्या बरगडीत कोपर. "व्ही!" चांगलं मोठ्याने. वळल्याच माना.

इंटरव्हलमधे उलगडा झाला. अप्पा आर्मीत सिग्नल्सला होते, रेडिओ ऑपरेटर, जबलपूरला ट्रेनिंग झालं तेव्हा मोर्स, म्हणजे आखूड-लांब ठोक्यांतून अक्षरं पाठवायची लिपी, जो कानात बसला तो बसलाच. तीन डिट आणि एक डा, तीन आखूड एक लांब, म्हणजे व्ही. मला वाटलं हा आमच्या अप्पांचाच शोध, पण घरी येऊन वाचलं तर दुसऱ्या महायुद्धात बीबीसीने व्हिक्टरीचा व्ही म्हणून हेच चार ठोके वाजवले होते. बरं, सिम्फनी पहिल्यांदा वाजली १८०८ साली, मोर्स त्यानंतर तीसेक वर्षांनी आला, म्हणजे बीथोवेनच्या डोक्यात हे असणं शक्यच नाही. हे सांगितलं तर अप्पा म्हणाले, "डोक्यात नसेल गं, हातात होतं."

हात हा त्यांचा लाडका शब्द. मोर्सच्या कीवर म्हणे प्रत्येक ऑपरेटरचा हात वेगळा असतो, कुणी डा जरा रेंगाळून सोडतो, कुणी डिट घाईने उरकतो, त्यामुळे कॉल साइन, म्हणजे पाठवणाऱ्या स्टेशनची ओळखीची अक्षरं, पूर्ण व्हायच्या आत कळतं की पलीकडे कोण बसलंय. रेडिओवर गाणं लागलं की तसंच, निवेदिका सांगायच्या आधी हे तबला कुणाचा ते सांगून मोकळे, आणि चुकले की दोष आमच्या रेडिओच्या स्पीकरचा. हिशोबही पाठ होता, एक डा म्हणजे तीन डिट, दोन अक्षरांच्या मधे तीन डिटची जागा आणि दोन शब्दांच्या मधे सातची. "सात म्हणजे रूपक!" असं म्हणून मांडीवर वाजवून दाखवायचे. मी तेव्हा दुसरी-तिसरीत, मला मोर्सही माहीत नाही आणि रूपक हा सात मात्रांचा तालही.

१९७१ बद्दल मात्र बोलायचे नाहीत. विविध भारतीवर फौजी भाइयोंसाठी जयमाला लागायचं, त्याला फर्माइश कशी पाठवायचो आणि आपलं नाव येतंय का म्हणून सगळे एकाच रेडिओला कसे कान लावून बसायचो हे शंभरदा सांगतील, पण लढाईचं विचारलं की आवाज वाढवायचे. एकदाच, मी इकडे यायच्या आदल्या वर्षी, कसलाही विषय नसताना म्हणाले की एक हात होता, फार छान लयीत चालायचा, चेहरा कधी बघितला नाही. डिसेंबरमधे एका रात्री तीच कॉल साइन आली पण हात दुसरा होता. एवढंच. मी पुढे काही विचारायच्या आत उठले आणि गच्चीत वाळत घातलेले कपडे काढायला गेले.

कॉन्सर्टच्या दुसऱ्या दिवशी बीथोवेनचं जन्मघर बघायला गेलो. तिथे काचेमागे त्याची कानाला लावायची कर्णे ठेवली आहेत, धातूची, एकेक केवढं मोठं. बनवणारा तोच मेल्झेल, ज्याच्या नावावर मेट्रोनोमचं पेटंट आहे, १८१५ चं. लयीचं यंत्र आणि बहिऱ्याचं यंत्र एकाच माणसाकडून, हे अप्पांना इतकं आवडलं की दोन खोल्या पुढे जाऊन परत आले. मग स्वतःच्या कानातलं मशीन काढलं (वर्षानुवर्षं हेडफोनमधली खरखर ऐकून उजवा कान गेला असं त्यांचं ठाम मत, डॉक्टर वय म्हणायचे) आणि तळहातावर घेऊन काचेला टेकवून धरलं, त्या कर्ण्याशेजारी. गार्ड बघत होता. "दोनशे वर्षांत साइज तेवढी कमी केली यांनी," म्हणाले.

यंदा मार्चमधे अप्पा गेले. शेवटच्या व्हिडिओ कॉलला बोलवत नव्हतं, मशीन कानात नव्हतं, मी ओरडून ओरडून काहीबाही बोलत होते आणि ते फोनच्या मागे बोटांनी टकटक करत होते, माझ्याकडे ती मोठ्याने ऐकू येत होती. दादा म्हणतो सवय आहे त्यांची, ताल धरतात. असेलही. मी रेकॉर्ड केलं नाही, तेव्हा सुचतं कुठे.

आता फोनवर मोर्स शिकायचं ॲप घेतलंय, ट्रॅममधे जातायेता कानात लावते. बारा-तेरा अक्षरं येतात, व्ही तर झोपेतही ओळखेन. पण ते मशीन आहे, त्याचा प्रत्येक डिट सारखा, प्रत्येक डा बरोब्बर तीनचा, कुठे रेंगाळणं नाही की घाई नाही. अप्पांनी दोन मिनिटांत बंद करायला लावलं असतं, याला हातच नाही म्हणून.