क्वारंटाइनच्या खोलीतला पंखा

मे महिन्यातल्या एका मंगळवारी रात्री १०.३० वाजता चेन्नईहून विमानाने आलेलं खोकं आमच्या हाती पडलं. ठाण्यातल्या एका डॉक्टरांच्या घरी ४०० लिटरची रीफ टाकी (प्रवाळांची, खाऱ्या पाण्याची) आहे, तिच्यासाठी मागवलेले मासे होते: एक पावडर ब्लू टँग, साधारण ९ सेंटिमीटरचा, आणि हेनियोकस जातीचे दोन मासे. पावडर ब्लू हा आपल्याच हिंदी महासागरातला मासा. मालदीव, श्रीलंका, लक्षद्वीपच्या प्रवाळांवर शेवाळ खात फिरतो. दिसायला इतका देखणा मासा क्वचितच सापडेल, आणि कुठलाही परजीवी आला की पहिला तोच पकडला जातो.

पिशवीतल्या पाण्याची एसजी (विशिष्ट गुरुत्व, म्हणजे पाणी किती खारं याचं माप) रिफ्रॅक्टोमीटरवर १.०२१ आली. विक्रेत्याकडून ती आधीच विचारून घेतली होती, त्यामुळे क्वारंटाइनच्या टाकीत १.०२१चंच पाणी तयार होतं. १५ मिनिटं पिशव्या तरंगवल्या, तापमान जुळलं, पिशव्या फोडल्या आणि मासे लगेच टाकीत सोडले. पिशवीतलं पाणी एक थेंबही टाकीत जाऊ दिलं नाही. लांबून आलेल्या माशाला तासभर थेंबथेंब पाणी देत बसणं हे मला घातक वाटतं. बंद पिशवीत माशाच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच उतरतो, आणि साठलेला अमोनिया त्यामुळे सौम्य रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच चढतो, आणि तोच अमोनिया विषारी होऊन कल्ले जाळायला लागतो. म्हणून आधी एसजी जुळवायची, मग मासा झटपट हलवायचा.

आमची क्वारंटाइनची खोली १२ फूट बाय १० फुटांची. टाकी 'अ' २४ × १५ × १५ इंची, तळ उघडा, वाळू नाही, दगड नाही. लपायला ३ इंची पीव्हीसी पाइपचे तुकडे आणि एल्बो, पाणी फिरवणारा एक पंप म्हणजे पावरहेड, एक हीटर, आणि महिनाभर निरोगी टाकीच्या सम्पमध्ये (खालच्या जोडटाकीत) ठेवून अमोनिया पचवणारे जीवाणू बसवलेला स्पंज फिल्टर. मापाने ही टाकी ८८ लिटरच्या आसपास भरते, पण काठापासून मोकळी सोडलेली जागा वजा करून आत खरं पाणी ७२ लिटर. हा आकडा आम्ही १० लिटरच्या बादलीने मोजून भरला आणि काचेवर मार्करने रेघ मारून ठेवली. औषधाचा हिशोब टाकीच्या लांबी-रुंदीवरून केला तर कॉपर, म्हणजे परजीवी मारणारं तांब्याचं औषध, २० टक्क्यांहून जास्त पडतं, आणि टँगला अपाय करायला तेवढं पुरतं.

त्याच खोलीत ४ फुटांवर टाकी 'ब' होती. तिच्यात ऑसेलॅरिस क्लाऊन माशांची जोडी, हॅचरीत वाढवलेली, निरीक्षणाचा २०वा दिवस. भरपूर खात होती, अंगावर एक ठिपका नव्हता. हीही डॉक्टरांचीच. हॅचरीतली पिल्लं म्हणून त्यांना कॉपर दिलं नव्हतं.

'अ'मध्येही पहिल्या दिवसापासून कॉपर टाकलं नाही. मासे आधी खायला लागू देत, मग औषध, अशी आमची पद्धत होती. कॉपरने भूक मरते आणि उपाशी मासा औषध सोसत नाही, हे खरंच आहे. पण ही पद्धत सगळ्या माशांना सारखी लावायला नको होती.

शुक्रवारी सकाळी ७.३० वाजता खोलीचा दिवा न लावता आधी टॉर्चने पाहिलं. टँग पावरहेडच्या तोंडासमोर, प्रवाहाला तोंड देऊन एका जागी पोहत होता. कल्ल्यांची उघडझाप १५ सेकंदांत ३५, म्हणजे मिनिटाला १४०. आदल्या दिवशी ती ८०-९० होती. नोरीची (वाळवलेल्या समुद्री शेवाळाची) पट्टी क्लिपला तशीच. दोन्ही हेनियोकस अंधाऱ्या कोपऱ्यात, वरच्या पाण्यात. अंगावर मात्र काहीच दिसत नव्हतं.

अंगावर काही नसणं हीच मला भीती वाटायला लावणारी गोष्ट होती. मरीन इकमध्ये, म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन या परजीवीच्या रोगात, मिठाच्या कणांसारखे मोजता येतील असे पांढरे दाणे दिसतात, आणि मासा बहुतेक वेळा खातही असतो. वेल्वेट म्हणजे अ‍ॅमिलूडिनियम ओसेलॅटम हा दुसरा परजीवी. हा आधी कल्ल्यांत बसतो. अंगावर सोनेरी धुळीसारखा थर दिसेपर्यंत मासा बऱ्याचदा हातचा गेलेला असतो. प्रवाहात तोंड घालणं, उजेड टाळणं, खाणं सोडणं आणि जोरात श्वास, ही चार लक्षणं एकत्र दिसली की पुराव्याची वाट पाहत दिवस घालवू नये.

तरी खात्री करायचा एक मार्ग उपचारातच असतो: गोड्या पाण्याची बुडी. १० लिटर आरओ पाणी, तापमान टाकीइतकंच, खायचा सोडा चिमटीचिमटीने घालून पीएच ८.२ केला, अर्धा तास एअरस्टोन चालवला. टँगला ४ मिनिटं ठेवलं. पहिल्या अर्ध्या मिनिटात तो आडवा पडला. असं होतं, घाबरून लगेच काढायचं नाही. श्वास चालू आहे ना एवढं पाहत राहायचं. फ्लूक (माशाला चिकटणारे चपटे कृमी) असते तर बादलीच्या तळाला पांढऱ्या पडलेल्या खपल्या दिसल्या असत्या. त्या नव्हत्या. तळाचं २ मिलिलिटर पाणी पिपेटने घेऊन १०० पट भिंगाखाली धरलं, तर गडद तपकिरी, लांबट गोल, अजिबात न हलणाऱ्या गोळ्यांनी काचपट्टी भरली होती. इक असता तर गरगर फिरणारे केसाळ जीव दिसले असते.

बुडीने आराम मिळतो तो काही तासांचा. मूळ टाकीत परत सोडलं तर माशावरून गळून पडलेले जंतू तिथे फुटतच असतात. एका गोळीतून २५६पर्यंत पोहणारी पिल्लं निघू शकतात. म्हणून तिन्ही मासे टाकी 'क'मध्ये गेले: कोरडी ठेवलेली, नवं पाणी, नेमकं ६० लिटर. त्यात चिलेटेड (दुसऱ्या रसायनाने बांधलेलं) कॉपर लगेच १.५ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम), १२ तासांनी २.०, आणि शनिवारी सकाळपर्यंत २.२५. एरवी मी दोन दिवस घेऊन चढवतो. वेल्वेट तेवढा वेळ देत नाही.

कॉपर मोजायला हॅना कंपनीचा ० ते ५ पीपीएमचा डिजिटल चेकर वापरतो. रंग जुळवायच्या किटवर मी विसंबत नाही, २.० आणि १.५मधला फरक ट्यूबलाइटखाली डोळ्याला कळत नाही आणि तिथेच उपचार फसतो. आयनिक (न बांधलेल्या) कॉपरची मात्रा वेगळी, ०.५ पीपीएम. चिलेटेडचा आकडा आयनिकला लावला तर मासे मरतील, म्हणून बाटलीवर लाल चिकटपट्टीने आकडा लिहून ठेवलाय. क्लोरोक्विन या औषधानेही वेल्वेट जातो, पण पाण्यात ते किती उरलंय हे मोजायचं साधन आपल्या हातात नसतं.

त्या रात्री एक हेनियोकस गेला. कल्ल्याचा तुकडा भिंगाखाली पाहिला तर तंतूंवर जागाच उरली नव्हती. टँग आणि दुसरा हेनियोकस जगले. सहाव्या दिवशी टँगने नोरीला पहिला चावा घेतला.

मधल्या काळात अमोनिया चढला. नव्या पाण्यात स्पंज फिल्टर दमतो. अशा वेळी अमोनिया बांधून ठेवणारं कंडिशनर कॉपरच्या पाण्यात टाकायचं नाही. त्यातली काही रसायनं कॉपरचं रूप बदलून त्याला आणखी विषारी करतात. उपाय एकच: १२ लिटर पाणी बदलायचं, आणि नव्या पाण्यात आधीच २.२५ कॉपर मिसळून, मोजून मगच ओतायचं.

पुढच्या बुधवारी, मासे आल्यापासून आठव्या दिवशी, टाकी 'ब'मधली क्लाऊनची मादी पावरहेडसमोर दिसली.

'अ' टाकी शुक्रवारीच रिकामी करून ब्लीचने धुतली होती. जाळ्या वेगळ्या होत्या, 'अ'ची हिरवी, 'ब'ची निळी. हात प्रत्येक वेळी साबणाने धुऊन कोरडे केले जात होते. थर्मामीटरसुद्धा वेगळे. मी कागदावर मंगळवार ते शुक्रवार प्रत्येक हालचाल लिहून काढली, आणि शेवटी नजर गेली टेबलफॅनवर.

मे महिन्यात चिलरशिवाय (पाणी थंड करणाऱ्या यंत्राशिवाय) खोलीतलं पाणी ३१ अंशांवर जातं. वाऱ्याने वाफ होऊन २-३ अंश उतरतात, म्हणून पंखा 'अ'च्या डोक्यावरून 'ब'च्या दिशेने लावला होता. 'अ'मध्ये स्पंज फिल्टर जोरात चालू, पृष्ठभागावर बुडबुडे फुटत होते. प्रत्येक बुडबुडा फुटताना बारीक तुषार उडतात, आणि त्या तुषारांत वेल्वेटची पोहणारी पिल्लं जिवंत राहतात. ३ मीटरपर्यंत ती हवेतून जाऊ शकतात हे प्रयोगांत दिसलेलं आहे. आमच्या दोन टाक्यांमध्ये जेमतेम सव्वा मीटर होतं, 'ब'ला झाकण म्हणून नुसती जाळी, आणि वारा आम्हीच देत होतो. दुसरी कुठलीच वाट मला सापडली नाही.

डॉक्टरांना फोन केला. "अहो, क्लाऊन तर या रविवारी येणार होते ना?" "नाही, अजून महिना तरी जाईल. रविवारी आणले असते तर तुमच्या टाकीत वेल्वेट गेला असता," मी म्हटलं. तिथे कॉपर टाकता येत नाही. कोळंबी, गोगलगायी, प्रवाळ सगळं मरतं, आणि दगड-वाळूतलं कॅल्शियम कार्बोनेट कॉपर शोषून घेतं. उरतो एकच मार्ग, सगळे मासे बाहेर काढून टाकी ६ आठवडे माशांविना ठेवणं. डॉक्टरांनी शांतपणे ऐकलं आणि पुन्हा घाई केली नाही.

क्लाऊन कॉपर चांगलं सोसतात. दोघंही वाचले.

उपचाराचे १४ दिवस २.० किंवा त्याहून वर मोजायचे. एक दिवस जरी आकडा खाली गेला तरी मोजणी पहिल्यापासून. पंख्याच्या वाऱ्याने रोज दीड-दोन लिटर पाणी उडतं आणि कॉपर मागे राहतं. दोन दिवस भर घातली नाही तर २.२५चं २.४च्या जवळ जातं. म्हणून आधी आरओ पाण्याने रेघेपर्यंत भरायचं, तासाने चाचणी घ्यायची. १४ दिवस पूर्ण झाले की मासे कोरड्या, स्वच्छ टाकीत. जुना स्पंज कायमचा कॉपरचा. तो रीफच्या सम्पमध्ये परत जात नाही.

नव्या टाकीत फ्लूकसाठी प्राझिक्वांटेल हे कृमीनाशक २.५ मिलिग्रॅम प्रति लिटर, ७ दिवसांनी पुन्हा एकदा, कारण पहिल्या मात्रेने अंडी मरत नाहीत. मग खाऱ्या पाण्याला सवयीचे केलेले दोन काळे मोली मासे सोबत सोडले. काळ्या अंगावर धूळ किंवा दाणा लगेच उठून दिसतो, आणि कॉपर कधीच न पाहिलेला मासा काही उरलं असेल तर आधी धरतो. दोन आठवडे मोली काळेकुळकुळीत राहिले.

खोलीत आता टाक्या समोरासमोरच्या भिंतींना आहेत, मध्ये जवळपास ३ मीटर. प्रत्येकीवर अ‍ॅक्रिलिकचं झाकण, बुडबुडे मंद. टेबलफॅन काढून लहान चिलर बसवला, एकेका टाकीला वेगळा. काम नेहमी सगळ्यांत जुन्या, निरोगी टाकीपासून सुरू, नवी टाकी शेवटी. सामान १० लिटर पाण्यात १ लिटर घरगुती ब्लीच घालून अर्धा तास, मग धुऊन दोन दिवस उन्हात. आणि टँग जातीच्या माशाला दुसऱ्याच दिवसापासून कॉपर, तो खात असो वा नसो.

शेवटच्या आठवड्यात एसजी रोज ०.००१ने वाढवत १.०२५ला आणली, डॉक्टरांच्या टाकीइतकी. ४४व्या दिवशी टँग, हेनियोकस आणि क्लाऊनची जोडी एकाच फेरीत पोचवली. टँगला तिथे पहिले ३ दिवस छिद्रांच्या अ‍ॅक्रिलिक पेटीत ठेवलं, कारण जुना यलो टँग त्याच्यावर धावून येत होता. चौथ्या दिवशी संध्याकाळी, दिवे मंदावल्यावर, पेटी काढली.