कोयत्यावर गेलेली मंडळी

रविवार, रात्र. दिवाळी होऊन आठ दिवस झाले.

उद्यापासून नाईट ड्युटी. एकदा नाईट लागली की वही उघडली जात नाही, म्हणून आजच लिहून ठेवते. सकाळी उपासना संपल्यावर पास्टरना सांगितलं, "यापुढे मी इथेच येत जाईन." एवढं बोलायला मला पाच महिने लागले.

जूनमध्ये बदली होऊन इथे आले. बालाघाटाच्या डोंगरातलं तालुक्याचं गाव, ग्रामीण रुग्णालय, मागे क्वार्टर. सामान लागल्यावर पहिली चौकशी केली ती आमच्या मंडळीचं, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं, देऊळ कुठे आहे याची. रविवारी जाऊन यावं इतक्या अंतरावर नव्हतं. मी नगरची. अमेरिकन मराठी मिशनचं काम तिथे १८३१ मध्ये सुरू झालं. आजी गावोगाव शास्त्र वाचून दाखवत फिरायची. घंटा, पेटी-तबला, 'उपासना संगीत' हे गीतपुस्तक, महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत भाकर मोडून सगळ्यांनी घ्यायची), हे सगळं मला इतकं हातचं होतं की ते कधी शोधावं लागेल असं वाटलंच नव्हतं.

दर रविवारी संध्याकाळी आईचा फोन येतो. "रविवार कुठं केलास?"

सुरुवातीचे काही रविवार मोबाइलवर नगरची उपासना पाहून केले. जुलैच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन होतं. पाळकसाहेबांनी भाकर मोडली, मंडळी उठून पुढे निघाली आणि मी कॉटवर बसून बघत राहिले. भाकर बघून पोट भरत नाही. त्या दिवशी फोन बंद केला आणि ठरवलं की ज्या कुठल्या दारात जाता येईल त्या दारात जायचं.

पहिलं दार कॅथलिक चर्चचं. दीड तास एसटी. मिस्साच्या, म्हणजे त्यांच्या उपासनेच्या, वेळी पोचले, मागच्या बाकावर बसले. तिथली शांतता मला खूप आवडली. जुना करार, स्तोत्र, पत्र आणि शुभवर्तमान अशी ओळीने वाचनं. रविवारच्या वाचनांचं चक्र तीन वर्षांचं असतं, त्यामुळे प्रवचन करणाऱ्याच्या आवडीनिवडीवर शास्त्र थांबत नाही. प्रभूची प्रार्थना सुरू झाली. 'आम्हांला वाइटापासून सोडव' म्हणून सगळे थांबले आणि मी एकटीच सवयीने आमच्याकडचा शेवट, 'कारण की राज्य', म्हणत पुढे गेले. एका बाईंनी वळून पाहिलं. मग फादरांनी मधली प्रार्थना म्हटली आणि तेच राज्य, तेच सामर्थ्य, तेच गौरव सगळ्यांच्या तोंडून आलं. घरचं वाक्य दोन मिनिटं उशिरा आलं. डोळे भरून आले माझे.

नंतर फादरांना भेटून विचारलं. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने पाण्याने झालेला माझा बाप्तिस्मा त्यांना मान्य आहे, तो पुन्हा घ्यायला कुणी सांगणार नाही. पण कम्युनियन, म्हणजे प्रभुभोजन, मला देता येणार नाही, ते कॅथलिक सभासदांसाठी. "या, बसा, प्रार्थना करा, घर तुमचंच आहे," म्हणाले. त्यांच्या खरं बोलण्याचा मला आदरच वाटला. तरी परतीच्या एसटीत मनात ताठा होताच. त्यांचा औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ सालचा, आमची नगरची मिशन कितीतरी जुनी, आणि मीच मागच्या बाकावर! असा ताठा घेऊन प्रार्थनेला बसू नये, हे कळायला मला वेळ लागला.

दुसरं दार गावातच होतं. ऑगस्टमध्ये ओपीडीत एक बाई आली, गळ्यात लहानसा क्रूस. तिनेच सांगितलं, वस्तीत पास्टरच्या घरामागे पत्र्याची खोली आहे, तिथे फेलोशिप, म्हणजे त्यांची लहानशी मंडळी, भरते. पास्टर आठवडाभर ॲपे चालवतात. चटया, ढोलकी, डफ. तीन तास उपासना, त्यात तासभर साक्षी. कुणाचा ताप उतरला, कुणाच्या नवऱ्याची दारू सुटली. मग सगळे एकदम मोठ्याने प्रार्थना करू लागले, काही जण अन्य भाषांत, म्हणजे आत्म्याच्या भरात येणाऱ्या, न कळणाऱ्या शब्दांत. माझ्या छातीत धडधडायला लागलं. आमच्याकडे एक जण प्रार्थना करतो आणि बाकीचे आमेन म्हणतात. तीन रविवार मी दाराजवळच बसले.

चौथ्या रविवारी पास्टर म्हणाले, "ताई, लहानपणी डोक्यावर पाणी घातलं तो बाप्तिस्मा नाही. स्वतः विश्वास धरून पाण्यात उतरावं लागतं. तलाव जवळच आहे. मग प्रभुभोजनही घेता येईल."

म्हणजे एका दारी माझा बाप्तिस्मा मान्य, भाकर नाही. दुसऱ्या दारी आधी बाप्तिस्माच नाही, मग भाकर कुठली?

त्या रात्री फाइलमधून बाप्तिस्म्याचा दाखला काढला. मी चार महिन्यांची होते. आजोबांनी हातात धरलं होतं. दहावीत दृढीकरण झालं तेव्हा मंडळीपुढे उभी राहून मी स्वतः 'होय' म्हटलं. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा मंडळ्या एक होऊन आमची चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, त्यांत जाणत्या वयातच बाप्तिस्मा देणारे बाप्टिस्टही होते. लेकरांचा बाप्तिस्मा आणि जाणत्या वयातला बाप्तिस्मा, दोन्ही रीती तिथे ठेवल्या. पण एकदा झालेला बाप्तिस्मा पुन्हा करायचा नाही, हे धरून. इतक्या लोकांनी इतकी वर्षं बसून जे जुळवलं ते मी भाकरीच्या ओढीने तलावात सोडून यावं, हे मनाला पटेना. पास्टरना तसं सांगितलं. ते गप्प झाले, मग म्हणाले, "मी प्रार्थना करतो. तुम्ही येणं बंद करू नका."

सप्टेंबरभर दोन्हीकडे जात होते, ड्युटी सुटेल तशी. कोण बरोबर, याचा हिशेब डोक्यात चालूच होता. आजी सांगायची, कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' मांडला, बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले एकाच ठिकाणी. लहानपणी ही नुसती गोष्ट होती. आता तिच्यावर रात्र रात्र विचार केला.

पण निर्णय झाला तो विचाराने नाही. दसरा झाला आणि ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या. मुकादमाची उचल घेतलेली, ट्रॅक्टरवर गाठोडी, भांडी, शेळ्या. फेलोशिपमधली निम्मीअधिक माणसं कोयत्यावर गेली. क्रूसवाली बाई निघताना दवाखान्यात आली. "ताई, आमी आता गुढीपाडव्यालाच. लेकरं म्हातारीपाशी ठिवलेत. रविवारी तेवढं बघा." चाळीस माणसांच्या खोलीत गेल्या रविवारी अकरा जण होते. त्यांतली सहा लेकरं. ढोलकी वाजवणाराही गेला.

कॅथलिक चर्चमध्ये मी नसले तर एक बाक रिकामा राहतो आणि मिस्सा नीट होते. इथे मी नसले तर लेकरांना शास्त्र वाचून दाखवायला पास्टरच्या बायकोशिवाय कुणी नाही, आणि तिला अक्षरं जेमतेम लागतात. अजूनही गोंगाटात मला प्रार्थना सुचत नाही, आणि बाप्तिस्म्याबद्दल पास्टर चुकतात असंच मला वाटतं. त्यांना माझ्याबद्दल तसंच वाटत असणार. तरी आज त्यांनी माझ्या हातात पवित्र शास्त्र दिलं आणि म्हणाले, "ताई, आजचं वाचन तुमचं." मग लेकरांना टिळकांच्या भजनाचं एक कडवं शिकवलं. दोन मुलांनी टाळ्यांवर ठेका धरला. म्हातारीने निघताना पदरातून चार सीताफळं काढून दिली.

संध्याकाळी आईचा फोन.

"रविवार कुठं केलास?"

"इथंच, गावात. आता इथंच करणार."

ती थोडा वेळ बोलली नाही. "आणि भोजन?"

"जानेवारीच्या पहिल्या रविवारची रजा टाकलीय. घरी येऊन घेईन."

"बरं," ती म्हणाली. "मी पाळकसाहेबांना सांगून ठेवते. आणि जुनी गीतपुस्तकं कपाटात पडलीयत, ती नेशील का लेकरांना?"